अधिवेशन संपले, हिशेब कशाचा द्यावयाचा?

विधिमंडळाचे अधिवेशन संस्थगित झाले, की पुढच्या पंधरवड्यात मतदारसंघांतून आमदारांचे कार्यअहवाल फिरू लागतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले छायाचित्र, त्याच्या माथ्यावर पक्षश्रेष्ठींच्या मुद्रांची ओळ, आणि आत गाववार यादी. अमुक गावी सभामंडप, तमुक वस्तीत काँक्रीटचा रस्ता, चौकात हायमास्ट दिवा, स्मशानभूमीस संरक्षक भिंत, शाळेसमोर पेव्हर ब्लॉक. शेवटच्या पानावर कोटींची बेरीज मांडलेली असते आणि तिच्याखाली 'विकासपुरुष' अथवा 'कार्यसम्राट' अशी पदवी छापलेली असते. ही पुस्तिका वाचून संपविणाऱ्या मतदारास एक गोष्ट मात्र कळत नाही. ज्या सभागृहात बसण्यासाठी त्याने या गृहस्थांस निवडून दिले, त्या सभागृहात त्यांनी केले काय?

अधिवेशनात कोणती विधेयके आली, त्यांपैकी कोणत्यांना आमदारांनी पाठिंबा दिला, कोणत्यांना विरोध केला, कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी कोणते उत्तर दिले, कोणते आश्वासन मिळाले आणि मागील अधिवेशनातील आश्वासनाचे पुढे काय झाले, यांपैकी एकाही बाबीस त्या पुस्तिकेत सहसा जागा नसते. ही केवळ छपाईतील उणीव असती तर तिच्यावर स्तंभ खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु लोकप्रतिनिधी या पदाचा अर्थच कसा पालटत गेला आहे, याचे ती पुस्तिका हे लेखी प्रमाण आहे. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने ती रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा बारकाईने वाचावयास हवी.

आमदार कशासाठी?

संविधानाने राज्याच्या विधिमंडळाकडे मुख्यतः तीन कामे सोपविली आहेत. कायदे करणे हे पहिले. सरकारच्या तिजोरीतून पैसा खर्च करण्यास मंजुरी देणे वा नाकारणे हे दुसरे. आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे हे तिसरे. रस्ता बांधणे, दिवा लावणे, गटार खणणे ही कामे महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. ज्या वस्तीत पावसाळ्यात चिखल तुडवीत मुलांना शाळेत जावे लागते, तेथील माणसाला रस्त्याचे मोल कोणी शिकविण्याची गरज नाही. पण ती कामे ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची आणि सरकारच्या खात्यांची आहेत. ती वेळेवर होत नसतील तर का होत नाहीत, हे सरकारला विचारणे हे आमदाराचे काम.

आमदार निधीने ही सीमारेषा पुसून टाकली. महाराष्ट्रात हा निधी वाढत वाढत मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारामागे वर्षास चार कोटींवरून पाच कोटींवर नेण्यात आला. कार्यकारी सत्तेवर नजर ठेवावयाची ज्याची जबाबदारी, त्याच्याच हाती कार्यकारी सत्तेचा एक लहानसा तुकडा देण्यात आला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली खासदार निधी आणि आमदार निधी या दोन्ही योजना बंद कराव्यात अशी शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासदार निधीची योजना संविधानाशी विसंगत नसल्याचा निर्णय दिला, हे खरे आहे. परंतु एखादी गोष्ट संविधानास धरून असणे निराळे आणि लोकशाहीस हितकारक असणे निराळे. ज्या आमदारास आपल्या निधीची कामे त्याच अधिकाऱ्यांकडून करवून घ्यावयाची आहेत, त्याने त्या अधिकाऱ्यांच्या खात्याबद्दल सभागृहात किती कठोर बोलावे, याला आपोआपच मर्यादा पडते. विरोधी बाकांवरील आमदारासही ही मर्यादा चुकत नाही. निधीची वाटणी सरकारच्या मर्जीवर चालते ही तक्रार प्रत्येक पक्ष विरोधात असताना करतो आणि सत्तेत आल्यावर विसरतो.

परिणाम असा झाला आहे, की मतदार आमदाराकडे याचक म्हणून जातो आणि आमदार मतदाराकडे दाता म्हणून येतो. पैसा जनतेच्या करातून आलेला, पण कोनशिलेवर नाव आमदाराचे. नागरिक आणि प्रतिनिधी यांच्यामधील नाते हिशेबाचे न राहता उपकाराचे होते. उपकाराचा हिशेब कोणी मागत नाही. उपकार फेडावयाचा असतो, आणि तो मतपेटीत फेडला जातो.

'प्रश्न उद्भवत नाही'

सभागृहातील काम म्हणजे नुसते भाषणबाजी, असा एक समज हेतुपुरस्सर पसरविला गेला आहे. तारांकित प्रश्नाचेच उदाहरण घ्यावे. त्याची भाषा ठरलेली असते. अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराची भाषाही ठरलेली असते. 'हे अंशतः खरे आहे.' 'कार्यवाही सुरू आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.'

या तीन कोरड्या वाक्यांचा अर्थ गावात जाऊन उलगडून सांगणे हा खरा कार्यअहवाल होय. 'अंशतः' म्हणजे किती? खरे नसलेला अंश कोणता? कार्यवाही सुरू आहे ती कोणत्या कार्यालयातील कोणत्या टेबलावर? पद रिक्त असल्याने ज्या बाईला बाळंतपणासाठी रात्री जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले, तिच्या घरच्यांना 'अंशतः' या शब्दाची पोकळी जितकी कळते तितकी सचिवालयातील कोणासही कळणार नाही. आमदाराने ते उत्तर गावात वाचून दाखविले, तर पुढील अधिवेशनासाठी लागणारा पुरावा तेथल्या तेथे गोळा होतो. मंत्र्याचे उत्तर चुकीचे असेल तर ते चुकीचे आहे हे सिद्ध करणारे साक्षीदार गावातच बसलेले असतात. न वाचून दाखविलेले उत्तर मात्र ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते आणि सरकारपुरता प्रश्न खरोखरच 'उद्भवत नाही'.

आश्वासनांची गोष्ट अशीच. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन हे निवडणुकीच्या सभेतील आश्वासनासारखे वाऱ्यावर सोडून देता येत नाही. त्याची नोंद होते आणि ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकांचे गाऱ्हाणे सभागृहापुढे नेण्यासाठी विनंती अर्ज समिती असते. सरकारी खर्चाची छाननी करणारी लोकलेखा समिती असते. ही साधने संसदीय लोकशाहीने मोठ्या कष्टाने कमावलेली आहेत. परंतु आपल्या आमदारास ही साधने उपलब्ध आहेत, हेच मतदारास माहीत नसते. ज्या हत्याराचे अस्तित्व धन्यास ठाऊक नाही, ते गंजले तरी त्याला पत्ता लागत नाही.

तिजोरीच्या किल्ल्या

पैशाच्या बाबतीत तर परिस्थिती अधिक गंभीर आहे. अर्थसंकल्प वर्षारंभी मंजूर करावयाचा आणि न दिसलेल्या खर्चासाठी पुरवणी मागण्या आणावयाच्या, ही रीत. पण जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, सुमारे ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. वर्षभराने, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात, सुमारे ५७ हजार ५०९ कोटींच्या आल्या. मार्चमध्ये न दिसलेला एवढा खर्च तीन महिन्यांत कोठून दिसू लागला, हा प्रश्न कोणत्याही घरच्या गृहिणीस सुचेल. सभागृहात या मागण्यांवरील चर्चा मोजक्या तासांची असते. विभागवार मागण्यांपैकी अनेक तर वेळ संपली म्हणून चर्चेविनाच एकगठ्ठा मतास टाकल्या जातात. सरकारच्या खर्चाचे परीक्षण करणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो. तेव्हा सदस्यांच्या पेट्या बांधून झालेल्या असतात.

कार्यअहवालात पाच कोटींचा पैन् पै हिशेब असतो. हजारो कोटींना आपण कशाच्या आधारे संमती दिली, याविषयी चकार शब्द नसतो. शेतमजुराच्या, अंगणवाडी सेविकेच्या, वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थ्याच्या वाट्याचा पैसा त्या हजारो कोटींतूनच येतो अथवा कापला जातो. चौकातील दिव्याचा प्रकाश डोळ्यांत भरतो. वसतिगृहाचा कापलेला निर्वाह भत्ता कोणाला दिसत नाही.

आवाजी मतदान आणि मुका मतदार

कायद्याच्या बाबतीत काय घडते, याचे ताजे आणि समाजवादी कार्यकर्त्यास थेट भिडणारे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. ते प्रथम जुलै २०२४ मध्ये मांडले गेले आणि निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविले गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हाती, गुन्हा अजामीनपात्र आणि शिक्षा दोन ते सात वर्षांपर्यंत, असा हा मामला. 'कडव्या डाव्या विचारसरणी'चे नाव घेऊन केलेल्या कायद्याची व्याप्ती उद्या भूमिहीनांच्या मोर्चापर्यंत आणि धरणग्रस्तांच्या सत्याग्रहापर्यंत पोचणार नाही, याची हमी कोण देणार, हा आक्षेप राज्यभरातील जनसंघटनांनी घेतला होता.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने हे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. विरोधी पक्षांतील काही सदस्यांनी भाषणांतून शंका उपस्थित केल्या. परंतु सभागृहात स्पष्ट विरोध नोंदविणारे एकच सदस्य निघाले, ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधी सदस्यांनी सभात्याग केला आणि विधेयक तेथेही संमत झाले.

आवाजी मतदानाची रीत सर्वांस परिचित आहे. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. पीठासीन अधिकारी आवाजाचा अंदाज घेऊन निर्णय देतात. किरकोळ कामकाजासाठी ही पद्धत सोयीची आहे. पण तिच्यात कोणा सदस्याने काय म्हटले, याची नोंद राहत नाही. नोंद राहते ती मतविभागणी मागितली तर. नागरिकांच्या संघटना-स्वातंत्र्यावर घाला घालू शकेल अशा कायद्याच्या वेळी २८८ सदस्यांच्या सभागृहात आपला आमदार 'होय' म्हणाला, 'नाही' म्हणाला, की चहा घेण्यास बाहेर गेला होता, हे त्याच्या मतदारास कोणत्याही कागदावरून कळू शकत नाही. प्रतिनिधीचा आवाज सभागृहाच्या गलक्यात मिसळून गेला, आणि त्याच्याबरोबर मतदार मुका झाला.

सभात्यागाविषयीही येथे स्पष्ट बोलावयास हवे. सभात्याग हे निषेधाचे साधन आहे. परंतु विधेयक मतास पडत असताना सभागृह सोडणे म्हणजे 'नाही' म्हणण्याची संधी सोडणे. वृत्तपत्रांत मथळा मिळतो, कार्यअहवालात 'सभागृह दणाणून सोडले' असे छापता येते, आणि कामकाजाच्या नोंदीत विरोधी मतांची जागा कोरी राहते. डाव्या, समाजवादी आणि लोकशाहीवादी म्हणविणाऱ्या सदस्यांनी तरी अशा विधेयकांवर शेवटच्या क्षणापर्यंत बसून मतविभागणी मागावी, हा आग्रह त्यांच्याच पाठीराख्यांनी धरला पाहिजे. संख्येने हरणे यात नामुष्की नाही. नोंद न ठेवता हरणे ही मात्र नामुष्कीच आहे.

आमदारांची बाजू

या टीकेवर आमदारांकडून जी उत्तरे दिली जातात ती ऐकून घेणे न्याय्य होईल. पहिले उत्तर असे, की पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळे सदस्याचे हात बांधलेले आहेत. १९८५ साली संविधानात दहावे परिशिष्ट आले, तेव्हापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. हे खरे आहे. २०२२ व २०२३ सालच्या पक्षफुटींत हा कायदा घाऊक पक्षांतर रोखू शकला नाही, पण एकट्यादुकट्याने विवेकबुद्धीने मत देण्याची वाट मात्र त्याने अरुंद करून ठेवली आहे, हेही खरे आहे. तथापि पक्षादेश बांधतो तो मताला. प्रश्न विचारण्यास, दुरुस्ती सुचविण्यास, अशासकीय विधेयक मांडण्यास अथवा अधिवेशनानंतर मतदारांपुढे उभे राहून 'मी पक्षादेशाने अमुक मत दिले, माझे स्वतःचे मत तमुक होते' असे सांगण्यास कोणतेही परिशिष्ट आड येत नाही.

दुसरे उत्तर वेळेचे. अधिवेशनेच इतकी तोकडी असतात की बोलावयास मिळत नाही. हीही तक्रार खरी आहे. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ साली मोठ्या विधिमंडळांनी वर्षातून किमान ९० दिवस बसावे असे सुचविले होते. महाराष्ट्रात २०२५ साली झालेल्या तिन्ही अधिवेशनांच्या बैठकांचे दिवस एकत्र केले, तरी ते त्याच्या निम्म्यासही पोचत नाहीत. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दरवर्षीच्या अधिवेशनाचा जो शब्द दिला, त्याचे रूप डिसेंबर २०२४ मध्ये सोळा तारखेपासून एकवीस तारखेपर्यंतच्या सहा दिवसांचे झाले. त्यातच २०२५ ची तिन्ही अधिवेशने विधानसभेने विरोधी पक्षनेत्याविना उरकली. परंतु अधिवेशनाचे दिवस वाढवावेत म्हणून किती आमदारांनी आपल्या मतदारसंघात सभा घेतली? दिवस कमी आहेत ही तक्रार लोकांपुढे नेली, तरच तिला बळ येते.

नागपूरच्या अधिवेशनाकडे लोक कोणत्या आशेने पाहतात, हे विसरणे महाराष्ट्रास परवडणारे नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या जमातीच्या मागणीचे निवेदन घेऊन आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण प्राणास मुकले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये रद्द ठरविला. न्यायालयांनी आपले काम केले. पण इतक्या वर्षांत किती आमदारांनी गोवारींच्या पाड्यावर जाऊन, विधिमंडळाने या मागणीचे काय केले आणि काय केले नाही, हे तोंडोतोंड सांगितले असेल? जे लोक सभागृहाच्या दारात मेले, त्यांच्या वारसांना सभागृहाचा हिशेब मिळण्याचा पहिला हक्क आहे.

तिसरे उत्तर सर्वांत वरचढ मानले जाते. लोकांना कायदा नको, काम हवे. प्रश्नोत्तराचे उतारे वाचावयास गेलो तर सभा उठून जाईल. या उत्तराचा समाचार महाराष्ट्राच्या इतिहासानेच घेतला आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत होण्याजोगे संख्याबळ त्यांच्यापाशी नव्हते. पण त्या विधेयकाचा अर्थ कोकणातील कुळांपर्यंत पोचविला गेला आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. निरक्षर कुळांना विधेयक कळले, कारण ते त्यांच्या पोटाशी जोडून सांगितले गेले. खोती नष्ट करणारा कायदा पुढे १९४९ साली झाला.

रोजगार हमीचीही तीच कथा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्या कल्पनेचा प्रयोग १९६५ साली केला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी तिला बळ दिले. तिच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि १९७७ साली विधिमंडळाने मागेल त्याला काम देण्याचा कायदा केला. पुढे २००५ साली देशाने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्याचे मूळ येथे आहे. एखादा आमदार पाच वर्षांत किती मजुरांना स्वतःच्या निधीतून काम देऊ शकला असता? आणि त्या एका कायद्याने किती मजुरांना काम मागण्याचा हक्क दिला? काम आणि कायदा यांत निवड करावयास सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मृणाल गोरे यांचे उदाहरण तर समाजवादी चळवळीच्या घरचे आहे. गोरेगावच्या नळावरील बायकांचे प्रश्न घेऊन त्या विधानसभेत गेल्या, म्हणून लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. पण त्या केवळ नळजोडणी करून देणाऱ्या आमदार राहिल्या नाहीत. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध स्त्रीसंघटनांची मोहीम सुरू असताना त्यांनी १९८६ साली विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. १९८८ साली महाराष्ट्राने त्या विषयावरील देशातील पहिला कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. सरकार त्यांचे नव्हते, बहुमत त्यांचे नव्हते. सभागृहाबाहेर चळवळ होती आणि सभागृहात तिचा आवाज होता. दोहोंच्या मधला दुवा तुटू दिलेला नव्हता. हा दुवा म्हणजेच हिशेब.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ज्या पक्षाचे सभागृहातील संख्याबळ क्षीण आहे त्याच्या कार्यकर्त्यांस हे सारे परक्याच्या घरचे दुखणे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः उलट आहे. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, तो साऱ्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असतो. त्याला मत न देणाऱ्याचाही असतो. तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकार साऱ्यांचा आहे, आणि तो मागण्याचे काम संघटित कार्यकर्त्यांवाचून होणार नाही.

प्रत्येक अधिवेशनानंतर महिन्याभरात तालुक्याच्या गावी एक हिशेब सभा बोलवावी. आमदारांस रीतसर निमंत्रण द्यावे. ते आले तर त्यांचा योग्य मान राखावा, न आले तर रिकामी खुर्ची ठेवून सभा चालवावी. सभेपूर्वी दोन-तीन कार्यकर्त्यांनी कामकाजाचे अहवाल आणि प्रश्नोत्तरे मिळवून वाचावीत. सभेत पाच गोष्टी विचाराव्यात: अधिवेशनात उपस्थिती किती होती, कोणते प्रश्न व लक्षवेधी सूचना दिल्या आणि उत्तरे काय मिळाली, महत्त्वाच्या प्रत्येक विधेयकावर आपली भूमिका काय होती आणि मतविभागणी मागितली काय, पुरवणी मागण्यांपैकी कोणत्यांना आक्षेप घेतला, आणि मागील आश्वासनांपैकी किती पुरी झाली. निधीच्या कामांची यादी शेवटी वाचावी. तीही वाचावी, कारण तो पैसाही जनतेचाच आहे.

असा हिशेब जाहीरपणे मागणे ग्रामीण, गरीब माणसांस जमणार नाही, असे म्हणणारांनी राजस्थानकडे पाहावे. पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरविली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके मजुरांपुढे वाचली गेली आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावे कागदावर कशी चढली, हे मजुरांनीच दाखवून दिले. त्या सुनावण्यांतून जी मागणी उठली तिचा शेवट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात झाला. हजेरीपत्रक ज्यांनी वाचून घेतले, त्यांना तारांकित प्रश्नाचे उत्तर वाचून घेणे अवघड नाही.

अर्थात दुसऱ्यांकडे हिशेब मागणाऱ्यांनी आपला हिशेब आधी द्यावा लागतो. पुरोगामी पक्षांचे जे थोडे प्रतिनिधी विधिमंडळात, जिल्हा परिषदांत वा नगरपालिकांत आहेत, त्यांनी ही प्रथा स्वतःपासून सुरू करावी. या चळवळीत त्याचे दाखले आहेत. आणीबाणीत १९७६ साली लोकसभेची मुदत एका वर्षाने वाढविण्यात आली, तेव्हा तुरुंगात असलेल्या मधू लिमये यांनी आणि शरद यादव यांनी राजीनामे दिले. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले आहे, सहाव्या वर्षाचा कौल आपल्यापाशी नाही, अशी त्यामागील भूमिका होती. पद हे मतदारांनी ठराविक मुदतीसाठी सोपविलेली ठेव आहे, ही जाण ज्यांना होती त्यांना अधिवेशनानंतर लोकांपुढे उभे राहण्यास कोणी सांगावे लागले नसते.

पुढील अधिवेशनात पुन्हा पुरवणी मागण्या येतील, पुन्हा एखादे विधेयक 'होय'च्या गलक्यात संमत होईल, आणि पंधरवड्याने पुन्हा गुळगुळीत पुस्तिका घरोघरी येतील. त्या पुस्तिकांवर चरफडण्यात अर्थ नाही. त्या हाती घेऊन आमदारांकडे जावे आणि विचारावे, की यातील सभागृहाचे पान कोठे आहे. हा प्रश्न एका मतदारसंघात दहा जणांनी विचारला तर तो टाळता येईल. दहा मतदारसंघांत हजारोंनी विचारला, तर 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देणे कोणत्याही आमदारास जड जाईल.